रिकाम्या पाळण्याचा इतिहास

धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू! जुन्या शाळांच्या हजेरीपटांतून आणि गावोगावच्या सातबाऱ्यांतून ही नावे जागोजाग भेटतात. नव्या पिढीला ती ऐकून हसू येते, आणि ते साहजिकही आहे. पोटच्या पोराला कोणी हौसेने कचरू म्हणेल काय? परंतु ही नावे हौसेची नव्हेतच. ती धास्तीची आहेत. ज्या घरात एकामागून एक गर्भ गळाले किंवा मुले उपजत गेली, त्या घरात पुढे जगलेल्या जिवाला असे नाव ठेवीत. रत्नासारखे नाव ठेवले तर कोणाची तरी दृष्ट लागायची. पण दगड कोण उचलून नेणार? केराकडे कोण वळून पाहणार? कोणी मुलाचे नाक टोचून घेत, कोणी त्याला शेजारणीला मूठभर दाण्यांना 'विकून' तिच्याकडून पुन्हा मागून आणीत. दैवाला फसविण्याचे हे सारे भाबडे उपाय होते.

इतिहास म्हटला की आपल्यापुढे तह, लढाया आणि गाद्यांचे वाद उभे राहतात. पण एका धोंडूच्या मागे त्याच्या आईची किती रिकामी बाळंतपणे गेली, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. त्या नोंद नसलेल्या दुःखालाही स्वतःचा इतिहास आहे. गर्भ पुन्हा पुन्हा का गळतो, या प्रश्नाला माणसाने निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांतून बाईवर दोष कसा आला आणि तो हळूहळू कसा उतरू लागला, याची ही हकीकत आहे. ती पुरती संपलेली नाही, म्हणून सणाच्या दिवशीही सांगण्याजोगी आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनी या दुखण्याकडे डोळसपणे पाहिले होते. चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात जातो तो गर्भपात, असा भेद त्यांनी केला. राहिलेला प्रत्येक गर्भ ज्या विकाराने नष्ट होतो त्याला चरक-सुश्रुतांनी 'पुत्रघ्नी' हे नाव दिले. चरकाने त्याचे मूळ वाताच्या रूक्षतेत पाहिले, सुश्रुताने रक्तस्रावात. नाव कठोर आहे खरे. परंतु एकदा गर्भ जाणे आणि वारंवार जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना उमगले होते. सुश्रुताने तर गर्भधारणेला शेतीची उपमा दिली. ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज, म्हणजे हंगाम, जमीन, पाणी आणि बियाणे, हे चारही जुळून आले म्हणजे अंकुर फुटतो. पीक बुडाले तर शहाणा शेतकरी नुसत्या जमिनीला शिव्या देत बसत नाही. तो बियाणे पाहतो, पाऊसपाणी पाहतो. बीज तर दोघांचे, आईचे आणि बापाचेही.

पण त्याच परंपरेत दुसराही सूर आहे. काश्यपसंहिता हा बालरोगांवरील प्राचीन ग्रंथ. नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यातील रेवतीकल्पात 'जातहारिणी' येते. ही गर्भ आणि अर्भके हरण करणारी आहे. तिला वाट कोठून मिळते? तर बाईच्या आचारभ्रष्टतेतून! म्हणजे गर्भ गेला तो बाईच्या वागण्यामुळे. एका बाजूला शेत-बियाण्याची समंजस उपमा आणि दुसऱ्या बाजूला हा आरोप. या दोहोंपैकी घराघरांत कोणती टिकली हे सांगायला नको. जड हंडा उचलला, पपई खाल्ली, तिन्हीसांजेला बाहेर गेली, अमक्याची सावली ओलांडली. आपल्या स्वयंपाकघरांतली ही सारी वाक्ये जातहारिणीच्याच घराण्यातली.

ही केवळ आपली रीत होती असे मात्र कोणी समजू नये. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री होता. कॅथरिन ही त्याची पहिली राणी. तिला निदान सहा वेळा दिवस गेले. पण मोठी होईपर्यंत जगली ती एकटी मेरी. कॅथरिन मूळची हेन्रीच्या मृत भावाची विधवा. भावाची बायको करणारा निःसंतान राहतो असे बायबलात म्हटले आहे. तेव्हा विवाहच मुळात अशुद्ध, असे हेन्रीने ठरविले. पोप घटस्फोट देईना, म्हणून त्याने पोपशीच फारकत घेतली. दुसरी राणी अ‍ॅन बोलिन. तिला एलिझाबेथ झाली. पण १५३६ च्या जानेवारीत तिचा गर्भ गेला आणि मे महिन्यात तिचा शिरच्छेद झाला. तिच्यावरील आरोप व्यभिचाराचे आणि राजद्रोहाचे होते. तरी गादीला पुत्र देता आला असता तर ती वाचली असती, असे अनेक इतिहासकार मानतात. अलीकडे दोन संशोधिकांनी असा तर्क मांडला आहे की हेन्रीच्याच रक्तात 'केल' या जातीचा घटक असावा आणि त्याविरुद्ध राण्यांच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांनी पुढचे गर्भ मारले असावेत. हा तर्क सर्वमान्य नाही आणि चारशे-पाचशे वर्षांनंतर तो सिद्धही होणे कठीण. तो खरा निघाला तर मात्र दैवाची थट्टा म्हणावी लागेल: ज्याने दोन बायकांना दोषी ठरविले, कारण त्याच्याच धमन्यांतून वाहत होते!

त्याहूनही करुण कथा राणी अ‍ॅनची. १६८३ साली तिचा विवाह डेन्मार्कच्या राजपुत्र जॉर्जशी झाला. १६८४ ते १७०० या सोळा-सतरा वर्षांत ती सतरा वेळा गर्भवती राहिली. बहुतेक गर्भ अपुऱ्या दिवसांत गेले किंवा मृत जन्मले. जिवंत जन्मली ती पाच. त्यांतली दोन जन्मल्यावर काही मिनिटांत वा तासांत गेली. दोन लहानग्या मुली १६८७ च्या फेब्रुवारीत देवीच्या साथीत काही दिवसांच्या अंतराने दगावल्या. उरला एकटा विल्यम. आणि तोही १७०० च्या जुलैत, अकरावा वाढदिवस झाल्यावर आठवड्याच्या आत, तापाने गेला. अ‍ॅन तेव्हा पस्तीस वर्षांची होती. १७०२ साली राज्याभिषेकाला जाताना सांधेदुखीमुळे तिला चालवेना. खुर्चीत बसवून न्यावे लागले.

विल्यम गेला आणि गादीला वारस उरला नाही. १७०१ साली पार्लमेंटने वारसाचा कायदा केला. रक्ताच्या नात्याने जवळचे असलेले पन्नासांहून अधिक कॅथलिक नातलग वगळून गादी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सोफियाकडे आणि तिच्या वंशाकडे जावी असे ठरले. अ‍ॅनच्या आधी दोनच महिने सोफिया वारली, आणि १७१४ साली तिचा मुलगा पहिला जॉर्ज म्हणून इंग्लंडच्या गादीवर आला. त्याला इंग्रजी बेताचेच येई. इंग्लंडचा आजचा राजाही त्याच सोफियाच्या वंशातला आहे. एका बाईचे गर्भ टिकले नाहीत म्हणून एका राष्ट्राचे राजघराणे बदलले! अ‍ॅनला नेमके काय झाले होते? सांधेदुखी आणि एकामागून एक गेलेले गर्भ ही लक्षणे एकत्र घेऊन आजचे काही वैद्य म्हणतात की, तिच्या रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्ध उठणारी प्रतिद्रव्ये असावीत. हाही तर्कच. परंतु ज्या आजाराचे नाव ते घेतात, त्याचा शोध कसा लागला ही गोष्ट मोठी विलक्षण आहे.

१९०६ साली जर्मनीत वासरमान याने उपदंशाची, म्हणजे गरमीची, रक्ततपासणी शोधून काढली. गरमीने गर्भ जातात, मुले मृत जन्मतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. तेव्हा ज्या बाईचे गर्भ वारंवार जात, तिचे रक्त या तपासणीला जाऊ लागले. हा मोठाच लाभ होता, कारण गरमीवर इलाज निघाला होता आणि पुढे पेनिसिलीन आल्यावर तर तो अगदी सोपा झाला. पण काही बायकांच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट दिसे. तपासणी गरमी दाखवी आणि गरमीचे दुसरे एकही चिन्ह नसे. नवऱ्यालाही रोग नसे. अशा बाईवर घरात कोणता प्रसंग ओढवला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. आधीच मूल नाही आणि वर हा कलंक!

या तपासणीत बैलाच्या हृदयातून काढलेला एक स्निग्ध पदार्थ वापरीत. काही बायकांच्या रक्तात त्या पदार्थाशीच झुंजणारी प्रतिद्रव्ये असतात आणि म्हणून त्यांची तपासणी खोटी बोलते, हे १९५० नंतर हळूहळू ध्यानात आले. अखेर १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज या डॉक्टराने सारे धागे एकत्र गुंफले. रक्तात गुठळ्या होणे, गर्भ वारंवार जाणे आणि ही प्रतिद्रव्ये असणे, हा सारा एकच विकार आहे. त्याला 'अँटिफॉस्फोलिपिड' विकार म्हणतात. ही प्रतिद्रव्ये वारेची वाढ बिघडवितात, तिच्यात गुठळ्या करतात, आणि गर्भाचे पोषण तुटते. ज्या खुणेने बाईला कलंकित ठरविले होते, त्याच खुणेत तिच्या दुःखाचे खरे कारण दडलेले होते! त्याला उपायही सापडला. १९९७ साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा नव्वद स्त्रियांचे दोन सारखे गट केले. ज्यांना नुसती अ‍ॅस्पिरीन दिली, त्यांच्यातल्या शंभरांत बेचाळीस जणींना जिवंत मूल झाले. ज्यांना सोबत हेपॅरिनची इंजेक्शने दिली, त्यांच्यात हे प्रमाण एकाहत्तरांवर गेले.

आता विलायतेतून मुंबईत येऊ. कारण या इतिहासाचे एक ठळक पान येथेच लिहिले गेले आहे, आणि ते लिहिणारा माणूस गोव्याच्या मातीतला होता. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोडे गावी झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते पुढे विलायतेला जाऊन एफ.आर.सी.एस. झाले आणि परत येऊन त्याच कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे अशा बायका येत की, ज्यांचे पहिले तीन महिने निर्धोक जात. पण चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येता, गर्भ सुटून जाई. एकदा नव्हे, दर खेपेला. महिनोन्‌महिने अंथरुणावर निजवून ठेवले, औषधे दिली, तरी परिणाम तोच. दोष रक्तात नाही, बीजातही नाही. गर्भाशयाचे तोंडच वेळेआधी सैल पडते आणि वाढत्या गर्भाचा भार त्याला सोसत नाही, असे शिरोडकरांनी ओळखले.

निदान एकदा पटले की त्यांचा उपाय एखाद्या गृहिणीला सुचावा इतका साधा वाटतो. पिशवीचे तोंड सैल झाले तर आपण नाडी आवळतो. शिरोडकरांनी तेच केले. मांडीच्या स्नायूंवर जे चिवट आवरण असते, त्याची एक पट्टी त्या बाईच्याच मांडीतून काढायची आणि ती गर्भाशयाच्या तोंडाभोवती, आतल्या द्वाराच्या उंचीवर, त्वचेच्या खालून ओवून आवळायची. दिवस भरेपर्यंत ती तेथे राही. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत आली. ऐकायला सोपे, पण गर्भ पोटात असताना, मूत्राशय बाजूला सारून, इतक्या नाजूक जागी हात घालण्याचे धाडस आणि कसब सर्वांपाशी नसते. १९५५ साली त्यांनी ही शस्त्रक्रिया मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या मॅक्डोनल्ड यांनी तिच्यापेक्षा सोपा टाका सुचविला. आज दोन्ही टाके जगभर घालतात. 'शिरोडकर' हे शिरोडे गावाचे नाव अनेक देशांतल्या शस्त्रक्रियागृहांत उच्चारले जाते, आणि आपल्याकडे 'पिशवीला टाका घातला' हे वाक्य तर घरोघर रुळले आहे. भारत सरकारने शिरोडकरांना १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण दिले. त्याच १९७१ साली ते निवर्तले.

पण कोणतीही चांगली गोष्ट फार लोकप्रिय झाली की तिचा अतिरेक होतो. टाका ज्यांना हवा त्यांना मिळू लागला, तसा ज्यांना नको त्यांनाही पडू लागला. १९९३ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. बारा देशांतल्या १२९२ स्त्रियांपैकी निम्म्यांना टाका घातला होता, निम्म्यांना नाही. साधारण पंचवीस टाक्यांमागे एका बाळंतपणात तो उपयोगी ठरतो, असे तिच्यातून निघाले. खरा लाभ दिसला तो ज्यांची तीन किंवा अधिक गर्भारपणे मधल्या महिन्यांत सुटून किंवा वेळेआधीच्या बाळंतपणाने संपली, त्यांना. म्हणजे शिरोडकरांनी ज्यांच्यासाठी टाका शोधला, त्यांनाच तो उपयोगी पडला. औषधाइतकेच, ते कोणासाठी आहे हे कळणे महत्त्वाचे!

हा धडा अमेरिकेला फार महागात पडला. १९३८ साली लंडनच्या डॉड्स यांनी प्रयोगशाळेत एक कृत्रिम स्त्रीसंप्रेरक तयार केले. त्याला थोडक्यात डी.ई.एस. म्हणतात. बोस्टनच्या जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ या संशोधक दांपत्याने, ते घेतल्याने गर्भ टिकतो असे सांगितले. ज्या बाईचे गर्भ जातात तिला कोणी टिकण्याची गोळी देऊ केली, तर ती नाही कशी म्हणेल? लाखो स्त्रियांनी ती घेतली. १९५३ साली शिकागोच्या डीकमान यांनी सुमारे सोळाशे गर्भवतींवर नीट तुलना करून पाहिली. निम्म्यांना ते औषध दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. औषधाचा कवडीचाही उपयोग दिसला नाही. तरीही ते आणखी अठरा वर्षे लिहून दिले जात होते. १९७१ साली बोस्टनमध्ये आठ तरुण मुलींना योनीचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग झाल्याचे हर्बस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हेच औषध घेतले होते. हा धागा पहिल्यांदा दाखविला तो एका मुलीच्या आईने! मी घेतलेल्या त्या गोळ्यांनी तर हे झाले नसेल ना, असे तिनेच डॉक्टरांना विचारले. पुढे असेही आढळले की, त्या औषधाच्या छायेत वाढलेल्या मुलींच्या गर्भाशयाची घडण अनेकदा बिघडलेली असते आणि त्यांचेही गर्भ जातात. आईचा गर्भ टिकावा म्हणून दिलेली गोळी मुलीच्या गर्भावर उलटली.

म्हणून आजचे शहाणे डॉक्टर गोळीपेक्षा आधी कारण शोधतात. सुश्रुताच्या चार शब्दांवर आजचा शोध बसवून पाहता येतो. प्राचीनांना सारे ठाऊक होते असे येथे मुळीच म्हणायचे नाही. लक्षात ठेवायला ते शब्द सोयीचे आहेत, इतकेच.

पहिले बीज. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रे असतात हे नक्की कळले ते १९५६ साली, स्वीडनमध्ये टिओ आणि लेव्हान यांच्या कामामुळे. त्यानंतर गळून गेलेले गर्भ तपासता येऊ लागले आणि असे दिसले की, पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ही चूक बीज तयार होताना अपघाताने घडते. हंडा उचलण्याशी किंवा पपईशी तिचा काडीचा संबंध नाही. शंभर वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत दोन ते पाच जोडपी अशी असतात की, नवरा-बायकोपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बसलेले असतात. तो माणूस स्वतः धडधाकट असतो. आणि तो नवराही असू शकतो, हे विसरता कामा नये.

दुसरा ऋतू, म्हणजे वय. कळून आलेल्या गर्भारपणांतली शंभरांत सुमारे पंधरा अशी वाया जातात. पण हे प्रमाण सर्व वयांत सारखे नाही. पंचविशी ते तिशीत ते शंभरांत दहाच्या आसपास असते. पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक. तिसरे क्षेत्र, म्हणजे गर्भाशय. त्यात जन्मतः पडदा आहे काय, गाठ आहे काय, तोंड सैल आहे काय, हे सोनोग्राफीने आणि गरज पडल्यास दुर्बिणीने पाहतात. चौथे अंबू. त्यात रक्त आणि संप्रेरके दोन्ही आली. ह्यूज यांच्या विकाराची प्रतिद्रव्ये बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासावी लागतात. एकदाच आढळली तर तो विकार ठरत नाही. कंठग्रंथी मंद आहे काय, मधुमेह आटोक्यात आहे काय, हेही पाहतात. वाढलेले वजन, धूम्रपान आणि मद्य यांनी धोका वाढतो, आणि त्यावर उपाय आपल्याच हाती असतो.

या तपासण्या केव्हा सुरू कराव्यात? पूर्वी लागोपाठ तीन गर्भ गेल्यावाचून डॉक्टर हात घालीत नसत. आता युरोप-अमेरिकेतील तज्ज्ञमंडळे दोन गर्भ गेल्यावरच शोध सुरू करावा असे म्हणतात. इंग्लंडमध्ये तीनाचा आकडा कायम आहे. उलटपक्षी, आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी वारंवार होणाऱ्या गर्भपातांत उपयोगाची नाही असे तज्ज्ञांचे मत आहे. संप्रेरकांचा मोहही अजून सुटलेला नाही. कारण न सापडलेल्या ८३६ स्त्रियांवर ब्रिटन आणि नेदरलंड्समध्ये प्रोजेस्टेरॉनची चाचणी झाली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांत शंभरांत सुमारे सहासष्ट जणींना मूल झाले, पोकळ गोळी घेणाऱ्यांत त्रेसष्ट जणींना. हा फरक मोजण्याजोगा नव्हता. पूर्वी गर्भ गेले आहेत आणि या खेपेस सुरुवातीलाच रक्त जाऊ लागले आहे, अशांना मात्र त्याचा काही लाभ होतो असे नंतरच्या एका चाचणीत दिसले. पुन्हा तोच प्रश्न: औषध कोणासाठी?

या चाचणीतली एक गोष्ट मात्र वाचकांनी गाठीशी बांधावी. सर्व तपासण्या करूनही सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. ऐकून मन खचते. पण ज्यांना काहीच औषध दिले नव्हते अशा स्त्रियांपैकीही जवळजवळ दोन-तृतीयांश जणींच्या मांडीवर पुढच्या खेपेस मूल आले! कारण सापडले नाही म्हणजे आशा संपली, असे नव्हे. १९८४ साली ऑस्लोतल्या डॉक्टरांनी अशा स्त्रियांना दर आठवड्याला भेटीला बोलावून धीर दिला. त्या सदतीस जणींपैकी शंभरी शहाऐंशींचे गर्भ टिकले. ज्या चोवीस जणींना ही सोबत मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण तेहेतीसच राहिले. ही संख्या लहान आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून यावरून पक्का सिद्धान्त काढता येत नाही. पण मायेने विचारपूस करायला सिद्धान्ताची वाट कशाला पाहायची?

राणी अ‍ॅनचे सतरा गर्भ आपल्याला मोजता येतात, कारण ती राजघराण्यातली होती आणि तिच्या प्रत्येक गर्भावर गादी टांगलेली होती. सामान्य बाईची अशी मोजदाद कोणी ठेवली नाही. आजही आपल्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत मृत जन्मलेल्या मुलाची नोंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेलेल्या गर्भाला तेथे जागा नाही. त्याची एकच नोंदवही असते, ती आईच्या मनात. कोणत्या महिन्यात गेले, आधी कळा आल्या की रक्त गेले, की काहीच न कळता सारे थांबले, हे तिला वर्षानुवर्षांनंतरही तिथीसकट आठवते. आणि गंमत अशी की, निदानाला सर्वांत आधी लागते ते हेच. शिरोडकरांना पिशवीचे तोंड सैल आहे हे कळले, कारण त्यांच्यापुढे बसलेली बाई 'चौथ्या महिन्यानंतरच जाते हो, आणि कळाही येत नाहीत' असे सांगत होती आणि ते ऐकत होते. बोस्टनला औषधाचा विषार उघडकीला आला, कारण एका आईच्या शंकेला डॉक्टरांनी हसून उडवून लावले नाही. रक्ताच्या, दुर्बिणीच्या, गुणसूत्रांच्या तपासण्या त्यानंतर येतात. पहिली तपासणी म्हणजे तिचे शांतपणे ऐकून घेणे. तिला डॉक्टर लागत नाही, पैसे पडत नाहीत, आणि ती प्रत्येक घरात होऊ शकते.